सुभेदारणीला चाटवलेली गुटी

मांजराच्या आजारपणावर एवढं लिहायचं काय, असं आमच्या मुलीनं फोनवर विचारलं. लोक कॅन्सरवर लिहितात, डायलिसिसवर लिहितात, बायपासवर लिहितात. मी तिला म्हटलं, माणसाला निदान "इथं दुखतंय" एवढं सांगता येतं. मांजराला तेवढंही येत नाही, मग त्याच्या वतीनं कुणीतरी लिहायला हवं. आणि जिच्या हातून त्याचे हाल झाले तिनंच लिहिलं तर खोटं लिहायची सोय राहत नाही.

ज्यांच्या घरात मांजर आहे आणि फडताळात ओवा, हिंग, जायफळ आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वाचून कुणाला राग आला तर येऊ द्या. मला रोज येतो.

आमचं घर

मी कुंडलची. अंगणवाडी सेविका म्हणून उभी हयात नोकरी केली आणि आता निवृत्त झाले. आमचे हे मिलिटरीत होते, हवालदार होऊन घरी आले. गावात मिलिटरीतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, तसे हेही मेजर. मुलगी पुण्याला, मुलगा बापाच्या वळणावर गेलेला, कुठंतरी सरहद्दीला. घरात आम्ही दोघं, एक म्हैस आणि हे मांजर.

उसाची तोड चालू असताना पाचटात सापडलेलं पिल्लू. यांनी कानटोपीत घालून घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव सुभेदारीण ठेवलं. मी विचारलं, हवालदाराच्या घरात सुभेदारीण आली कुठून? तर म्हणाले, "तुला व्हायचं ऱ्हायलं, तिला तरी हू दे." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस माझ्याशी दिवसाकाठी मोजकं बोलतो. मांजराशी मात्र सोप्यात बसून तासन्‌तास गप्पा. पाऊसपाणी, कारखान्याची तोड, पोराचा फोन, सगळं तिला आधी कळायचं. मला त्याचा थोडा मत्सरही वाटायचा, पण घरात कुणाचा तरी आवाज आहे म्हणून बरंही वाटायचं.

गुटीची डबी

बाळगुटी ठाऊक नाही असं घर आमच्याकडं नसेल, तरी सांगते. हिरडा, मुरडशेंग, वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, काकडशिंगी, असे जिन्नस डबीत सुकवून ठेवायचे. सहाणेवर पाण्याचे थेंब टाकून एकेक जिन्नस उगाळायचा. एकदा गोल फिरवला की एक वेढा. बाळ महिन्याचं असेल तर एक वेढा, मोठं होईल तसे वेढे वाढवायचे. पोट दुखत असेल तर मुरडशेंगेचे जास्त, झोप येत नसेल तर जायफळाचे. मग ते गंध बोटावर घेऊन बाळाच्या जिभेवर चाटवायचं. हे सगळं मला सासूबाईंनी शिकवलं. माझी दोन्ही लेकरं त्यावर वाढली आणि आळीतल्या कितीतरी लेकरांना मी माझ्या हातानं गुटी दिली.

गंमत अशी की नोकरीत मी याच्या उलट सांगायचे. लेकराला उलटी-जुलाब झाले की घरगुती काही करत बसू नका, आधी दवाखाना. एखादी आई उशिरा आली की मी तिला सगळ्यांसमोर झाडायचे, "इतके दिवस काय करत होतीस?" आणि संध्याकाळी तीच आई मागच्या दारानं गुटीसाठी आली की डबी उघडायचे. नोकरी सरकारची आणि डबी सासूबाईंची, दोन्ही मी इमानदारीनं चालवल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असंच. पण माझं कधी काही बिघडलं नाही, म्हणून मला कधी विचार करावा लागला नाही.

उलटी

हिवाळ्यात मी मुलासाठी वाकळ शिवायला काढली होती. जुन्या लुगड्यांचे थर लावायचे आणि जाड पांढऱ्या दोऱ्यानं हातानं टाके घालत जायचं. सुभेदारीण वाकळेवरच पडलेली असायची. दोरा ओढला की पंजा मारायची, तोंडात धरायची. मला कौतुक वाटायचं. दोरा संपला की मी दातानं तोडायची आणि उरलेला तुकडा तिथंच टाकायची. पुढच्या टाक्यासाठी गाठ मारून ठेवलेला दोराही तसाच पडलेला असायचा.

मग एके सकाळी तिनं फेस ओकला. मांजरं गवत खातात, ओकतात, पुन्हा बरी होतात, म्हणून मी फरशी पुसली आणि कामाला लागले. दुपारी परत ओकली. संध्याकाळी दुधाला तोंड लावलं नाही. हे तिच्यासमोर उकिडवे बसले होते. म्हणाले, सांगलीला मांजरा-कुत्र्यांचा दवाखाना आहे, तिथं दाखवून येऊ. मी हसले. म्हटलं, "दोन लेकरं वाढीवली या हातानं. मांजराचं पोट ते केवढं, आन त्याला सांगली कशाला?"

माझ्या आवाजाचा एक सूर आहे, त्यापुढं ते सहसा बोलत नाहीत.

मी आधी हिंग लावायचं ठरवलं. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की बेंबीभोवती हिंगाचा लेप लावतात. तर मांजराची बेंबी शोधण्यातच आमचा बराच वेळ गेला. यांनी तिला उताणी धरली, मी केस बाजूला सारत राहिले, आणि शेवटी अंदाजानं मध्यावर लेप फासला. तिनं तो चाटला, पुन्हा ओकली आणि हिंगाचा वास घरभर झाला. आम्ही दोघं हसलो. आज ते हसणं आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं, कारण त्या वेळी ती बिचारी कळा सोसत होती.

बडीशेपेचं पाणी झालं. ओव्याचं झालं. दुसऱ्या दिवशी मी सहाण काढली.

तिला टॉवेलात गुंडाळलं, बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं. सगळ्या जिन्नसांचे एकेक-दोनदोन वेढे आणि जायफळाचे थोडे जास्त, म्हणजे जरा पडून राहील. जबडा दाबून तोंड उघडलं आणि बोटानं गुटी जिभेवर फिरवली. तिनं मान झटकली, तोंडाला फेस आला, पण पोटात गेली. काही वेळानं ती गप्प पडली. ओकणंही थांबलं.

मी यांना हाक मारून दाखवलं. बघा, पडला का आराम? सांगलीचं पेट्रोल वाचवलं. हे खाली वाकले, तिच्या कानामागं बोट फिरवलं आणि म्हणाले, "झोपनं येगळं आन पडनं येगळं." मला राग आला. म्हटलं, औषधाला गुण आला तरी तुम्हाला सोसत नाही. दुपारी पुन्हा गुटी दिली आणि पुढच्या दिवशीही दिली.

मग लक्षात आलं, तिनं शी केलेली नाही. मातीची पाटी कोरडी होती. मी म्हटलं, हेच ते, पोट साफ झालं की सगळं सुटेल. एरंडेल होतंच घरात. चमच्याच्या टोकानं तेही घातलं, एकदा संध्याकाळी आणि एकदा सकाळी उठल्या उठल्या.

त्यानंतर ती कॉटखाली जाऊन बसली आणि एका वेगळ्याच आवाजात ओरडायला लागली. भुकेचं ओरडणं नव्हतं ते, भांडणाचंही नव्हतं. शेजारीण दारात येऊन म्हणाली, मांजराला मरण कळतं, आता ती घर सोडून जाईल, जाऊ द्या. मी चुलीपुढं बसले होते. माझे हात थांबले.

हे उठले. भाजीची दुरडी घेतली, तळाला टॉवेल घातला, कॉटखाली आडवे होऊन तिला काढलं आणि दुरडीत ठेवलं. स्कूटर बाहेर काढली. मला म्हणाले, "बसायचं तर बस."

संसारात त्यांनी मला दिलेला हा पहिला हुकूम. मी पदर खोचून मागं बसले.

जिभेखाली

पलूस ओलांडून सांगलीकडं जाताना रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एकेक ओलांडायला वेळ लागत होता. दुरडी माझ्या मांडीवर. वरच्या फडक्यातून मी हात आत घातला तर तिनं हात चाटला नाही, चावलाही नाही. नुसता हाताखाली श्वास लागत होता, आणि तो लागतोय ना एवढंच मी बघत होते. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर तेही घ्यायची लाज वाटली.

दवाखान्यात बाकावर एक मोठं कुत्रं पायाला बँडेज बांधून बसलेलं. त्याच्या मालकिणीनं सुभेदारणीकडं बघितलं आणि आमचा नंबर पुढं लावला. अशा वेळी ओळखदेख नसलेलं माणूस चांगलं वागलं की डोळ्यांत पाणी येतं.

डॉक्टर म्हणजे तरुण मुलगी, आमच्या मुलीपेक्षाही लहान. तिनं पोट चाचपलं, सुभेदारीण कळवळली. मग तिनं एक साधी गोष्ट केली. मांजराचं तोंड उघडलं, हनुवटीखालून अंगठ्यानं जीभ वर उचलली आणि टॉर्च मारला. आम्हाला म्हणाली, "हे बघा."

जिभेखाली, अगदी मुळाशी, पांढरा दोरा अडकला होता. चामडीत रुतून तिथं लाल झालं होतं. एक टोक जिभेला वेढलेलं आणि बाकीचा दोरा घशातून खाली गेलेला.

तिनं समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. मांजराच्या जिभेवर मागं वळलेले काटे असतात, एकदा तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही. दोऱ्याचं एक टोक वर अडकलं आणि दुसरं आतड्यात गेलं, की आतडं पुढं सरकायला बघतं आणि दोरा त्याला सरकू देत नाही. परकराच्या नेफ्यात नाडी ओढली की कापड गोळा होतं, तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं. अशा वेळी पोट साफ करायचं औषध दिलं तर आतडं जास्त जोर करतं आणि ताणलेला दोरा त्यालाच कापत जातो.

त्याच जिभेवर मी रोज बोट फिरवत होते. माझं बोट आणि तो दोरा यांच्यामध्ये एक जीभ होती, तेवढीच. ती उचलून बघायचं मला सुचलं नाही. काय बघायचं? मला तर सगळं आधीच माहीत होतं.

डॉक्टरनं एक्स-रे काढला. दोऱ्याबरोबर सुई नाही ना, हे बघायचं होतं. ती फिल्म उजेडावर धरून बघत होती तेवढा वेळ मी घरातल्या सुया मनात शोधत होते. वाकळेत टोचून ठेवली होती ना? की टाका घालताना बाजूला ठेवली? काही केल्या आठवेना. सुई नव्हती.

मग तिनं विचारलं, घरी काही दिलं होतं का?

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "व्हय. म्याच दिलं."

मी यांच्याकडं बघितलं. हा माणूस खोटं बोलत नाही. कारखान्यावर वॉचमन होते तेव्हा खोटं बोलायला नकार दिला म्हणून साहेबाशी वाकडं घेतलेलं. आणि इथं भिंतीकडं बघत, सावधान उभं राहिल्यासारखे, माझं काम स्वतःच्या नावावर घेत होते.

डॉक्टर चिडली. चिडायलाच हवं होतं तिनं. म्हणाली, मांजर म्हणजे लहान मूल नव्हे, त्याचं लिव्हर वेगळं, माणसाला चालतं ते त्याला विष होतं. मग म्हणाली, "काका, इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

माझंच वाक्य. हुबेहूब माझा सूर. कितीतरी आयांना मी ते ऐकवलं होतं, आणि आता माझ्या शेजारी माझा नवरा ते मान खाली घालून ऐकत होता. मी काय केलं? मी दुरडीतला टॉवेल नीट घडी करत बसले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आयुष्यभर गावात बाई, बाई म्हणून मान घेतलेली मी, एका लेकीच्या वयाच्या पोरीकडून बोलणी खाण्यापासून वाचले, याचं मला बरं वाटलं. या सगळ्या आजारपणात मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या क्षणाची. गुटी अज्ञानानं दिली. हे मात्र सगळं समजून उमजून केलं.

वेढे

ऑपरेशन करावं लागणार होतं आणि आजच. मदतनीसानं तिला आत नेलं. डॉक्टर दारात थांबून यांना म्हणाली, भूल द्यायच्या आधी नक्की काय काय दिलंय ते मला हवंय. गुंगी आणणारं काही? हृदयाचे ठोके जास्त पडताहेत.

हे म्हणाले, "हिंग, बडीशेपंचं पानी, असलं घरगुतीच. गुंगीचं काय न्हाई."

त्यांना खरंच माहीत नव्हतं. डबीत काय काय असतं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टर वळली. दार मागं लागायला लागलं. आत टेबलावर तिची शेपूट दिसत होती, नुसती लोंबणारी.

मी उठले. म्हटलं, "डॉक्टर, यांनी काही दिलेलं नाही. मी दिलं. बाळगुटी दिली, त्यात जायफळ होतं, वेखंड होतं. एरंडेलही दिलं, आज सकाळीसुद्धा."

मला वाटलं होतं आता ती मला फाडून खाईल. तिनं तसं केलं नाही. ती परत आली आणि विचारत बसली, जायफळ किती, शेवटचं कधी. मी म्हटलं, चार वेढे. तिला वेढा कळेना. मग मी तिथल्या बाकाच्या लाकडावर बोट टेकवून गोल फिरवून दाखवलं, एक, दोन, तीन, चार. पाणी किती घेतलं, जोर किती दिला. अर्धा जन्म ज्या कामानं मान मिळवला, त्याचा मी त्या बाकावर गुन्ह्यासारखा जबाब देत होते.

तिनं भुलीचं औषध बदलायचं ठरवलं, आधी सलाईन लावून थोडं थांबायचं ठरवलं. जाताना म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, काकू." ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

आम्ही बाकावर बसलो. मी विचारलं, तुम्ही असं का म्हणालात? यांनी रिकामी दुरडी पायाशी सरकवली. मग म्हणाले, "बोलनी खायाची मला सवय हाय. फौजंत लय खाल्लीत. तुला न्हाई." आणि चहा आणायला गेले.

पिंजरा

आतड्याचा थोडा भाग काढावा लागला. एका जागी दोऱ्यानं ते कापलं होतं. डॉक्टरनं दोरा एका वाटीत दाखवला. केवढा लांब. टोकाला माझी गाठ होती. टाका सुरू करताना मी दोऱ्याला दुहेरी गाठ मारते, ती कुठंही ओळखेन.

पुढचे दिवस ती दवाखान्यातल्या पिंजऱ्यात होती. हे सांगलीतच नणंदेकडं राहिले आणि मी म्हशीसाठी रोज एसटीनं येऊन-जाऊन. सकाळी धार काढायची, वैरण टाकायची, डबा घ्यायचा, गाडी पकडायची. दवाखान्यात पोचले की हे पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसलेले. तिला गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं बांधलेलं, पायाला सलाईन, पोटावरचे केस काढलेले. उघड्या पडलेल्या त्या गुलाबी पोटावर आता मला बेंबी शोधता आली असती.

आम्ही एकमेकांशी फारसं बोलायचो नाही. मी विचारायचे, कशी आहे? हे म्हणायचे, हाय. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, पण हे भांडत नाहीत. नणंद मात्र बोलणारी. म्हणाली, "वयनी, आपल्या हातनं मांजर मेलं की सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतंय म्हनं. बघा बाई, सोनं लय महाग झालंय." ती थट्टेनं म्हणाली आणि वर मला गरम भाकरी वाढली. मी ती भाकरी मोडून ताटातच ठेवली. पण सांगते, त्या घरी कुणी "एका मांजरापायी एवढं?" असं एकदाही विचारलं नाही. रोज डब्यात यांच्यासाठी भाजी आणि मांजरासाठी उकडलेलं अंडं असायचं, जे ती खात नव्हती.

दवाखान्यातला मदतनीस म्हणाला, घरातलं काहीतरी आणा, वासाची ओळख असली की जनावर धीर धरतं. तिचा वास सगळ्यात जास्त होता वाकळेला. मी वाकळ उचलली आणि परत ठेवून दिली. यांची जुनी फौजेची जर्सी नेली. तिनं नाक लावलं आणि पहिल्यांदा डोळे मिटून घेतले.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाली, टाके चांगले आहेत. पण आता तिनं आपण होऊन खायला हवं. मांजर उपाशी राहिलं की त्याच्या लिव्हरवर चरबी चढते, मग ऑपरेशन चांगलं होऊनही उपयोग नसतो. सिरिंजनं भरवा, पण भूक तिची तिला लागली पाहिजे.

एवढं ऐका

मी आता कुणाला काही सांगायच्या लायकीची नाही, तरी सांगते. दोरा, गजऱ्याचा धागा, लोकर, सुतळी मांजरासमोर टाकू नका. आणि टाकला गेलाच आणि त्याचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तर ओढू नका, तसंच घेऊन डॉक्टरकडं जा. ओढलं की आत कापतं. ओकणं थांबत नाही, खात नाही, शी करत नाही, यातलं एक जरी असलं तरी घरात डबी उघडू नका. जायफळ, वेखंड, लसूण, ओव्याचा अर्क, एरंडेल, यातलं आपल्याला जे पचतं ते त्यांना पचेल असं नाही. गुटी वाईट आहे की चांगली, या वादात मी पडत नाही. माझी चूक तिथं नव्हतीच. रोग काय आहे हे न बघता औषध हातात घेतलं, आणि औषध हातात आहे म्हणून रोग कळलाय असं समजले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी दुसऱ्यांना कितीदा ऐकवली असेल.

आणि घरात जो माणूस कमी बोलतो, तो काही बोलला तर ऐका.

भूक

घरी आणून बरेच दिवस झाले तरी ती खाईना. हे सिरिंजनं पातळ अन्न भरवायचे, मी तिला धरायची. मी कोंबडीचा रस्सा बिनतिखटाचा करून बघितला, मासे उकडून बघितले, बोटावर घेऊन पुढं केलं. बोट दिसलं की ती तोंड फिरवायची. साबणानं हात धुतले, राखेनं घासले, तरी तेच. यांच्या हातचं निदान हुंगायची. मी मग स्वयंपाकघरातच राहायला लागले. वाटी भरून द्यायची आणि मागं सरायचं.

एका दुपारी डॉक्टरचा फोन आला. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर परत घेऊन या म्हणाली, नळी घालावी लागेल, आणि तिच्या अंगात आता फारशी ताकद उरलेली नाही. हे सोप्यात ऊन पडतं तिथं तिला जर्सीवर घेऊन बसले होते. मी चौकटीत जाऊन बसले. इतके दिवस आत दाबून ठेवलेलं तोंडातून आलं. म्हटलं, "अवो, पहिल्याच दिशी तुमास्नी कळलं होतं. मग दवाखान्याचं तुमी मला नेटानं का सांगितलं न्हाई? वरडायचं माझ्यावर."

मला वाटतं, मला तेव्हा थोडा दोष त्यांच्यावर टाकायचा होता. सगळा उचलून मी दमले होते.

हे तिच्या पोटावरच्या टाक्यांवर बसलेली माशी हाकलत होते. वर न बघता म्हणाले, "तू ऐकलं असतंस?"

त्या आवाजात राग नव्हता. विचारायचं म्हणून विचारलं, जसं उसाला पाणी पाजून झालं का म्हणून विचारावं. मी "व्हय" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. उंबऱ्यावर बसून मी खरंच विचार केला. ते ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते. दुरडी काढली असती तर मी हातातून काढून घेतली असती. ती मरत नाही तोवर मी डबीच उघडत राहिले असते.

"न्हाई," मी म्हटलं. "नसतं ऐकलं."

यांनी मान डोलावली. मग पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं आणि सरकून जर्सीवर जागा केली.

"मग आता हितं ये. गुमान बस. हात फुडं करू नगंस."

मी जाऊन बसले. हात मांडीवर ठेवले, तोंडातून शब्द काढला नाही. वाटी आमच्या दोघांच्या मधे जमिनीवर होती. किती वेळ गेला कोण जाणे. सुभेदारीण उठली, लटपटली, माझ्या गुडघ्याला अंग घासून पुढं गेली आणि वाटीत तोंड घातलं. मला हुंदका आला. यांनी माझ्या हातावर हात दाबला, हलू नको म्हणून. मी हलले नाही.